ग्रोटनची पंगत

साल १९००. फेब्रुवारी महिना. तुम्ही बारा वर्षांचे आहात आणि तुमच्या खोलीला दार नाही.

खोली कसली, सहा फूट रुंद आणि दहा फूट लांब असा लाकडी खण आहे. भिंती छतापर्यंत पोचत नाहीत, दाराच्या जागी पडदा आहे. आत एक खाट, एक कपाट, एक खुर्ची आणि कपडे अडकवायला खुंट्या. पलीकडच्या खणातल्या मुलाचं घोरणं तुम्हाला ऐकू येतं, तुमचं त्याला. न्यूयॉर्कच्या घरी तुमच्या दिमतीला माणसं होती, सकाळी गरम पाणी काढून ठेवलेलं असायचं. इथे सातच्या सुमाराला उठायचं आणि बाकीच्या मुलांबरोबर गार पाण्याच्या फवाऱ्याखाली जाऊन उभं राहायचं. बाहेर मॅसॅच्युसेट्सचा हिवाळा आहे आणि नळालाही तोच येतो. मग दगडी मोरीशी पत्र्याच्या भांड्यात तोंड धुऊन, कॉलर लावून, केस बसवून पळायचं. साडेसातला न्याहारी, सव्वाआठला प्रार्थना, साडेआठला पहिला तास. उशीर झाला की नावापुढे काळी खूण पडते.

तुम्ही ग्रोटन शाळेत आहात. बोस्टनहून आगगाडीने आलात, पुढे बर्फावरून घसरत जाणाऱ्या घोडागाडीने. बोस्टनच्या वायव्येला सुमारे ५५ किलोमीटरवर, नॅशुआ नदीच्या वरच्या अंगाला ही शाळा आहे. हवा स्वच्छ असली की क्षितिजावर डोंगर दिसतात. मधे मोठं गोल मैदान आहे आणि त्याच्या कडेने इमारती. जागा पारखायला फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आले होते, न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क ज्यांनी रचलं तेच. या मैदानाला सगळे ‘सर्कल’ म्हणतात. कुठूनही कुठेही जाताना तुम्ही सगळ्यांना दिसता आणि सगळे तुम्हाला दिसतात. दार नसलेली खोली आणि गोल मैदान या दोन गोष्टींतच शाळेचा विचार सामावलेला आहे: इथे कुणी एकटं राहायचं नाही.

शाळा एपिस्कोपल पंथाची आहे. इंग्लंडच्या चर्चची ही अमेरिकेतली शाखा. स्वातंत्र्ययुद्धानंतर इंग्लंडच्या राजाशी नातं तुटलं, तेव्हा इथल्या अँग्लिकनांनी १७८९ मध्ये आपलं स्वतंत्र चर्च उभं केलं. प्रार्थनापुस्तक, बिशपांची परंपरा, समूहगायनाचा शौक मात्र तोच ठेवला. त्याच अँग्लिकन परंपरेतून मुंबईत १८६० मध्ये कॅथेड्रल शाळा निघाली आणि पुण्यात १८६४ मध्ये बिशप्स. त्यामुळे सकाळची सभा, ‘हाऊस’, ‘प्रीफेक्ट’ हे शब्द ज्यांच्या कानावरून लहानपणी गेले असतील, त्यांना ग्रोटनमध्ये फार परकं वाटणार नाही.

हे वाचणारी मुलगी असेल, तर तिला १९०० सालच्या या शाळेत प्रवेश नाही. ती रेक्टरच्या, म्हणजे मुख्याध्यापकांच्या, घरची असेल किंवा स्वयंपाकघरात काम करत असेल, तरच या आवारात राहू शकेल. बाकावर बसायला तिला १९७५ साल उजाडेपर्यंत थांबावं लागेल. ही गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा. आज दिवसभर तुम्हाला इथे पुष्कळ काही आवडणार आहे, आणि आवडत असताना बाहेर कोण राहिलं याचा विसर पडणं फार सोपं आहे.

रेक्टर

प्रार्थनेला सगळी शाळा एकत्र येते. मुलं शंभराहून जास्त आहेत. सध्याचं चॅपेल साधं, लहान आहे. सर्कलच्या कडेला दगडी चॅपेलचं काम चालू आहे, ते याच वर्षी पुरं होईल. त्याचा आराखडा हेन्री व्हॉन यांचा आहे आणि पैसे विल्यम ॲमरी गार्डनर या ग्रीक शिकवणाऱ्या मास्तरांचे. मास्तरांनी शाळेला अख्खं दगडी चॅपेल भेट द्यावं, यावरूनच इथल्या माणसांच्या ऐपतीचा अंदाज येतो.

समोर उभे आहेत ते एंडिकॉट पीबडी. उंच, रुंद खांद्यांचे, वयाची चाळिशी नुकती ओलांडलेले. त्यांना सगळे रेक्टर म्हणतात. जन्म सेलेमच्या एका जुन्या श्रीमंत घरातला, शिक्षण इंग्लंडमध्ये, आधी चेल्टनहॅमच्या शाळेत आणि मग केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात. धर्मशिक्षण पुरं व्हायच्या आधीच १८८२ मध्ये ते ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावी जाऊन राहिले. चांदीच्या खाणींचं, बंदुकांच्या खटक्यांचं ते गाव. तिथे सहा-एक महिन्यांत त्यांनी लोकांकडून वर्गणी काढून एक चर्च बांधलं, ते अजून उभं आहे. परत आल्यावर १८८४ मध्ये, सत्ताविशीत, त्यांनी ही शाळा काढली. जमीन लॉरेन्स घराण्याने दिली. विश्वस्तांत फिलिप्स ब्रूक्स यांच्यासारखे धर्मोपदेशक होते आणि जे. पी. मॉर्गन यांच्यासारखे सावकारही. सुरुवात २७ मुलांनी झाली.

पीबडींच्या मनातली शाळा म्हणजे एक कुटुंब आहे. ते स्वतः मुलांबरोबर खेळतात, त्यांना पवित्र शास्त्र शिकवतात, त्यांच्याबरोबर जेवतात. त्यांचा निष्कर्ष साधा आहे: या मुलांच्या हाती उद्या देशाचा पैसा आणि सत्ता येणार हे ठरलेलंच आहे, तेव्हा त्यांना आत्ताच अशी सवय लावली पाहिजे की, ती त्या सत्तेचं काहीतरी चांगलं करतील. शाळेचं ब्रीद लॅटिनमध्ये आहे. ज्याची सेवा करणं हेच राज्य करणं, असा त्याचा आशय. तुम्ही बारा वर्षांचे आहात. ब्रीद तुम्हाला पाठ आहे, अजून पचलेलं नाही.

तास सुरू होतात. लॅटिन रोज. फ्रेंच, गणित, इंग्रजी, इतिहास आणि पवित्र शास्त्र. विज्ञानाला फारशी जागा नाही. वर्गाला इथे ‘फॉर्म’ म्हणतात, पहिल्यापासून सहाव्यापर्यंत. तुम्ही पहिल्या फॉर्मचे, म्हणजे सगळ्यात धाकटे. दुपारी बारानंतर मुख्य जेवण, नंतर आणखी दोन तास आणि मग खेळ. शरद ऋतूत फुटबॉल सगळ्यांनाच खेळावा लागतो, अंगात ताकद असो वा नसो. या दिवसांत बर्फावरचे खेळ, व्यायामशाळेतली मुष्टियुद्धं आणि हातमोजे घालून भिंतीवर चेंडू मारण्याचा ‘फाइव्ह्ज’ हा खेळ. खेळून आलात की पुन्हा गार पाणी. संध्याकाळी मात्र ताठ कॉलर आणि चकचकीत काळे बूट घालूनच जेवायला बसायचं.

खिशात किती पैसे आहेत पाहा. आठवड्याला पाव डॉलर. घरून कितीही येऊ शकत असले, तरी सगळ्यांना तेवढेच. त्यातले पाच सेंट रविवारी चॅपेलच्या दानपात्रात टाकायचे. तुमच्या शेजारच्या खणातल्या मुलाच्या वडिलांकडे रेल्वे कंपनी आहे, त्याच्या खिशातही पाव डॉलरच. कोट्यधीशांच्या मुलांना इथे सगळं सारखं वाटून मिळतं. ही समता खरी आहे आणि तिचा परिणामही खरा आहे. पण ती कुंपणाच्या आतली आहे.

काळ्या खुणा

इथे नव्या मुलाला सगळ्यांत जास्त भीती कशाची असते? मास्तरांची नाही. थोरल्या मुलांची.

सहाव्या फॉर्मची मुलं शाळेची शिस्त चालवतात. कुणी आगाऊपणा केला, कुणाचा ‘सूर’ चुकला असं त्यांना वाटलं, तर त्याला खाली नेऊन बूट ठेवायच्या पेटीत कोंबतात. गुन्हा मोठा ठरला, तर सगळ्या शाळेसमोर नाव पुकारून त्याला मोरीवर नेतात आणि जीव घुसमटेपर्यंत तोंडावर पाण्याची धार सोडतात. याला ‘पंपिंग’ म्हणतात. हे रेक्टरना माहीत असतं. सभ्य, देवभीरू माणसाच्या संमतीने हे चालतं, आणि त्या संमतीचं समर्थन मी करणार नाही. मुलाला समूहात ओढून घेण्याची शाळेची ताकद केवढी मोठी होती, ते जसं रोज रात्री रेक्टर प्रत्येक मुलाशी करतात त्या हस्तांदोलनात दिसतं, तसं या मोरीवरही दिसतं. समूहात सामावून घेणं आणि समूहापुढे वाकवणं या दोन गोष्टी इथे एकाच छपराखाली नांदतात.

सहाव्या फॉर्ममधला तो उंच, किडकिडीत, चष्मा लावणारा मुलगा पाहा. नुकतंच अठरावं सरलंय त्याला. हडसन नदीकाठच्या हाइड पार्कचा, आईबापांचा लाडका. बाकीची मुलं बाराव्या वर्षी आली, हा १८९६ मध्ये, चौदाव्या वर्षी, थेट तिसऱ्या फॉर्ममध्ये आला. तोवर सगळ्यांच्या दोस्त्या जमून गेल्या होत्या. त्याची वागणूक अतिच नीटनेटकी. खूप दिवस त्याच्या नावापुढे एकही काळी खूण नव्हती. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात पहिली खूण मिळाली, तेव्हा त्याने घरी आनंदाने कळवलं, कारण खूण नसलेल्या मुलात शाळेबद्दल आपलेपणा नाही असं बाकीचे समजत होते. शिक्षा मिळाल्यावर आपण ‘यांच्यातले’ झालो असं वाटणं, हे समूहाच्या ओढीचं किती नेमकं वर्णन आहे! फुटबॉलमध्ये त्याला मोठं नाव मिळालं नाही. यंदा तो बेसबॉल संघाचा व्यवस्थापक आहे, म्हणजे सामान सांभाळायचं, मैदानाची व्यवस्था बघायची. त्याचं नाव फ्रँकलिन रूझवेल्ट.

म्हातारीच्या कोंबड्या

शाळेत मुलांची एक मिशनरी सोसायटी आहे. आजूबाजूच्या वस्त्यांत जाऊन रविवारी प्रार्थना घेणं, अडल्यानडल्याला मदत करणं हे तिचं काम. उन्हाळ्यात न्यू हॅम्पशरमधल्या स्क्वॉम सरोवरावर शाळेतर्फे शिबिर भरतं. बोस्टनच्या गरीब वस्त्यांतली मुलं तिथे आणली जातात आणि ग्रोटनची मुलं त्यांना पोहायला, नाव वल्हवायला शिकवतात, त्यांच्याबरोबर राहतात. रूझवेल्टनेही तिथे काम केलं आहे.

यंदाच्या जानेवारीपासून सोसायटीने त्याच्यावर आणि आणखी एका मुलावर एक जबाबदारी टाकली आहे. शाळेजवळ एक ८४ वर्षांची कृष्णवर्णीय बाई एकटी राहते. तिचा नवरा यादवी युद्धात सैन्यातला ढोलवादक होता, तो आता नाही. या दोघांनी आठवड्यातून दोनदा तरी तिच्याकडे जायचं, कोळसा आहे का, पाणी भरलंय का पाहायचं, तिच्या कोंबड्यांना दाणे घालायचे आणि फार बर्फ पडलं तर तिचं दार मोकळं करून द्यायचं.

आज तुम्ही त्यांच्या मागोमाग जा. फावडं उचला. बर्फ ओलं आणि जड आहे, दहा मिनिटांत हात भरून येतात. खुराड्याची कडी गोठलेली आहे. हे काम दाखवायला केलेलं नाही, इथे पाहायला कुणी नाही. तुमच्या आयुष्यात तुम्ही पहिल्यांदाच दुसऱ्याच्या घरचा कोळसा मोजता आहात. पीबडींना मुलांकडून जे हवं होतं, ते हेच. भाषणाने जे होत नाही ते फावड्याने होतं, आणि यावर माझा मनापासून विश्वास आहे. ज्या शाळेत मुलांच्या हातांना दुसऱ्यासाठी काम मिळत नाही, ती शाळा कितीही गुण मिळवून देवो, अर्धीच आहे.

आता फावडं टेकवून एक प्रश्न स्वतःला विचारा. या बाईला नातू असता, तर तो तुमच्या शेजारच्या खणात झोपला असता का?

या क्षणी ग्रोटनमध्ये एकही कृष्णवर्णीय विद्यार्थी नाही. शाळेला सुरू होऊन सोळावं वर्ष चालू आहे. इथल्या मुलांची नावं पुष्कळदा पाळण्यात असतानाच नोंदवलेली असतात. बाईच्या दारातलं बर्फ काढायला शाळा आपली मुलं पाठवते, तिच्या वर्णाचं मूल आपल्या पंगतीत घेत नाही. आणि सगळ्यांत गंभीर गोष्ट ही की, तुमच्याबरोबर बर्फ काढणाऱ्या मुलांना यात काही विसंगती दिसत नाही. ती वाईट नाहीत. त्यांना सेवा शिकवलेली आहे, शेजार शिकवलेला नाही.

रात्रीची रांग

संध्याकाळची प्रार्थना होते. मग शाळेच्या मोठ्या दालनात सगळे अभ्यासाला बसतात. ही इमारत गेल्याच वर्षी बांधून झाली आहे. इथल्या लाकडी भिंतींवर शाळा सोडून जाणाऱ्यांची नावं वर्गवार कोरली जातात. तुमचंही एक दिवस कोरलं जाईल.

झोपायला जाण्याआधी एक रांग लागते. रांगेच्या टोकाशी रेक्टर आणि त्यांच्या पत्नी फॅनी उभे आहेत. प्रत्येक मुलाशी हात मिळवून, त्याच्या डोळ्यांत पाहून, त्याचं नाव घेऊन ते शुभरात्री म्हणतात. आज तुमच्या नावापुढे काळी खूण पडली असेल, लॅटिनमध्ये तुम्ही नापास झाला असाल, मैदानात पडून रडला असाल, तरी हा हात मिळतोच. रोज, सगळ्यांना. पीबडींचा शिरस्ता शाळेच्या भिंतीशी थांबत नाही. शाळा सोडून गेलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याला ते वाढदिवसाला पत्र पाठवतात.

शंभराहून जास्त मुलांना दररोज एकेकट्याने भेटायचं, हे पन्नासहून जास्त वर्षं करत राहणं किती कठीण आहे, ते ज्यांनी कधी वर्ग सांभाळला असेल त्यांना विचारा. शिक्षणाची कितीतरी तंत्रं आली आणि गेली. पण दिवस संपताना आपल्याला कुणीतरी नावाने ओळखतं, ही खात्री मुलाला देण्याइतकं जुनं आणि टिकाऊ तंत्र दुसरं मला माहीत नाही.

पुढची वर्षं

आता पुढे सरका. १९०५ मध्ये फ्रँकलिन आणि एलेनॉर यांचं लग्न लावायला पीबडी न्यूयॉर्कला जातात. ४ मार्च १९३३ ला, राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घ्यायच्या दिवशी सकाळी, रूझवेल्ट वॉशिंग्टनच्या सेंट जॉन्स चर्चमध्ये प्रार्थनेला बसतात, तिथेही म्हातारे झालेले रेक्टर आहेत. गंमत म्हणजे, निवडणुकीत रेक्टरनी मत रूझवेल्टचे प्रतिस्पर्धी हूव्हर यांना दिलं होतं. तरीही पुढे ग्रोटनच्या श्रीमंत माजी विद्यार्थ्यांनी रूझवेल्टवर आपल्याच वर्गाशी फितुरी केल्याचा आळ घेतला, तेव्हा पीबडींनी आपल्या विद्यार्थ्याची बाजू घेतली.

बर्फ काढणाऱ्या त्या मुलापासून थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या ‘न्यू डील’ या धोरणापर्यंत सरळ रेघ ओढणं खोटं होईल. मधे पोलिओ आहे, मंदी आहे, एलेनॉर आहेत, हजारो कामगारांचे लढे आहेत. पण १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याकडे पाहा. म्हाताऱ्या माणसांना निवृत्तिवेतन देणारा तो कायदा अमेरिकेच्या इतिहासातला एक मोठा टप्पा आहे. त्याच कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. कृष्णवर्णीय कामगारांपैकी बहुसंख्य याच दोन कामांत होते. ते का वगळले गेले यावर इतिहासकारांत वाद आहे. काय परिणाम झाला यावर वाद नाही. कायदा करणाऱ्या खोलीत त्यांच्यापैकी कुणी बसलेलं नव्हतं. ग्रोटनच्या सेवेची मर्यादा आणि त्या कायद्याची मर्यादा एकाच जातीची आहे: माणसांसाठी काम करायचं, पण त्यांच्याबरोबर बसून ठरवायचं नाही.

पीबडी १९४० मध्ये निवृत्त होतात. त्यांच्या जागी येतात जॉन क्रॉकर, ग्रोटनचेच माजी विद्यार्थी आणि एपिस्कोपल धर्मगुरू. १९५१ च्या सप्टेंबरमध्ये शाळेत पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी येतो. सरकारी शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यानंतर तीन वर्षांनी लागला. म्हणजे क्रॉकर यांनी कायद्याची वाट पाहिली नाही. पण शाळेच्या स्थापनेपासून मोजलं तर मधे ६७ वर्षं गेली. कोळसा मोजण्यापासून बाक सरकवून जागा देण्यापर्यंतचं अंतर इतकं होतं.

१९६३

थांबा. इथे उतरा.

पुन्हा फेब्रुवारी. आता तुम्ही सतरा वर्षांचे आहात, सहाव्या फॉर्मचे. दगडी चॅपेलच्या मनोऱ्यात नव्या दहा घंटा आहेत, १९६२ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपेल कारखान्यात ओतलेल्या. त्या एका माणसाला वाजवता येत नाहीत. दहा जणांनी दहा दोर धरून, एकमेकांकडे लक्ष देत, ठरलेल्या क्रमाने ओढायच्या असतात.

शाळेत पाहुणे आले आहेत, कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी लढणारे मार्टिन ल्यूथर किंग. वय ३४. बर्मिंगहॅमचा लढा दोन महिन्यांवर आहे, वॉशिंग्टनचा मोर्चा सहा महिन्यांवर. तुम्हाला यातलं काही माहीत नाही. पण ज्या शाळेतून तुमच्या आजोबांच्या पिढीची मुलं एका कृष्णवर्णीय बाईच्या दारातलं बर्फ काढायला गेली, त्याच शाळेत आज एक कृष्णवर्णीय माणूस सगळ्यांना सांगतो आहे आणि शाळा ऐकते आहे. सांगणारा आणि ऐकणारा यांच्या जागा बदलल्या आहेत. शिक्षणात याहून मोठी घटना क्वचितच घडते.

दोन महिन्यांनी, एप्रिलमध्ये, किंग बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून एक दीर्घ पत्र लिहितात. थोडं थांबा, घाई करू नका असा सल्ला देणाऱ्या आठ गोऱ्या धर्मगुरूंना ते उत्तर होतं. त्या आठांत दोन एपिस्कोपल बिशप होते. म्हणजे ज्या चर्चच्या शाळेने त्यांना बोलावलं, त्याच चर्चचे पुढारी त्यांना थांबायला सांगत होते. हे तुम्ही पुढे वाचाल आणि तुमच्या लक्षात येईल की, परंपरा म्हणजे एकच एक आवाज नसतो. तिच्यातला कोणता आवाज मोठा करायचा, हे प्रत्येक पिढीतल्या माणसांना ठरवावं लागतं.

१९६५ च्या एप्रिलमध्ये किंग बोस्टनला मोर्चा काढतात. सरकारी शाळांमधली गोऱ्या आणि काळ्या मुलांची फाटाफूट हा त्यातला मुख्य मुद्दा. क्रॉकर, त्यांच्या पत्नी आणि ग्रोटनचे ७५ विद्यार्थी त्या मोर्चात चालतात. ज्यांना स्वतःच्या शाळेची कसलीच काळजी करावी लागत नव्हती, अशी मुलं दुसऱ्यांच्या शाळांसाठी रस्त्यावर उतरली. त्यात ती पुढे नव्हती, रांगेत होती. मला वाटतं, ब्रीदाचा अर्थ त्या दिवशी शाळेला नव्याने कळला.

आजचं सर्कल

आता वर्तमानात या. सर्कल तेच आहे. मुलामुलींची संख्या ३८० च्या आसपास, बहुतेक सगळी निवासी. १९७५ पासून मुली आहेत. सगळ्यात धाकटा वर्ग आता दुसरा फॉर्म, म्हणजे आपली आठवी. खणांना पडदे नाहीत, नीट खोल्या आहेत. पंपिंग इतिहासजमा झालं आहे.

सकाळी चॅपेलमध्ये मात्र सगळी शाळा अजूनही जमते. आता तिथे बसणाऱ्यांत ख्रिस्ती आहेत, ज्यू आहेत, मुसलमान आणि हिंदू आहेत, कोणताच धर्म न मानणारेही आहेत. प्रवचनाच्या जागी कधी एखादा शिक्षक, कधी सहाव्या फॉर्मचा विद्यार्थी उभा राहतो आणि स्वतःबद्दल बोलतो: आजारपण, घर सोडून येणं, वडिलांचं जाणं, श्रद्धा सापडणं किंवा हरवणं. एकेकाळी इथे मुलांनी ऐकायचं आणि रेक्टरने बोलायचं, असं होतं. सतरा वर्षांच्या मुलीचं बोलणं अख्ख्या शाळेने गप्प बसून ऐकावं, ही चॅपेलची आजची खरी उपासना आहे. आणि रात्री झोपण्याआधी वसतिगृहातल्या शिक्षकांशी हात मिळवून शुभरात्री म्हणण्याची पद्धत, ती अजून चालू आहे.

२०१३ मध्ये शाळेची सूत्रं टेम्बा मकुबेला यांच्याकडे आली. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीतून निर्वासित म्हणून बाहेर पडलेले, रसायनशास्त्र शिकवणारे. पुढच्याच वर्षी शाळेने ‘ग्रेन’ नावाची योजना हाती घेतली. श्रीमंतांना फी परवडते, अगदी गरिबांना शिष्यवृत्ती मिळते आणि मधल्या घरांतली हुशार मुलं अर्जच करत नाहीत, हे त्यांनी ओळखलं. काही काळ फी गोठवली, त्यासाठी मोठा निधी उभा केला आणि प्रवेश देताना आईबापांची ऐपत पाहायची नाही असं धोरण धरलं. पूर्ण फी भरणाऱ्यासाठी ही शाळा आजही फार महाग आहे, आणि अमेरिकेतली बहुतेक मुलं तिच्या फाटकापर्यंतही पोचणार नाहीत. हे वास्तव योजनेने पुसलं जात नाही. पण पंगत लांबवायची असेल तर जास्तीची पानं मांडावी लागतात, त्यासाठी खर्च करावा लागतो, हे शाळेने मान्य केलं.

आता स्वतःच्या गावात परत या आणि आपल्या मुलांच्या शाळेकडे पाहा. तिच्या निकालाचे आकडे तुम्हाला कुणीही सांगेल. तुम्ही तीन गोष्टी विचारा. इथे मुलाला रोज कुणीतरी नावाने ओळखून निरोप देतं का? इथे मुलाच्या हातांना दुसऱ्यासाठी काम मिळतं का? आणि ज्यांच्यासाठी ते काम होतं, त्यांची मुलं याच बाकांवर बसतात का? ग्रोटनने पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर १८८४ पासून फार चांगलं दिलं. तिसऱ्याचं उत्तर द्यायला तिला ६७ वर्षं लागली, मुलींच्या बाबतीत ९१. तिच्याकडे पैसा होता, जागा होती, देवावर विश्वास होता, चांगली माणसं होती, तरीही एवढी वर्षं लागली. कारण पहिल्या दोन गोष्टी चांगुलपणाने होतात. तिसरीसाठी आपल्या जागेतली जागा द्यावी लागते. आपल्याला तेवढी वर्षं घालवायचं काहीच कारण नाही. प्रवेशाच्या यादीत कोण आहे आणि कोण नाही, हे पालकसभेत उभं राहून विचारण्यापासून सुरुवात करता येईल, आणि ती याच वर्षी करता येईल.